गयाकडे जाताना क्लच सुटेना

वडवणी

युसूफ वडगावला आमच्या गयाकडे जाऊन आले. वडवणीहून हा काही मोठा प्रवास नाही. लवकर निघालं तर माणूस दुपारच्या जेवणाला तिथं पोचतं. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. असं का झालं ते सांगते.

गया माझी धाकटी बहीण. माहेरचं आता आम्हा दोघींशिवाय कोणी उरलेलं नाही. तिचा मुलगा विलास पुण्यात नोकरीला आहे. तो तिला कायमची घेऊन जाणार होता आणि घर दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. गया फोनवर म्हणाली, “आक्का, शुक्रवारी सकाळी गाडी येनार. त्याच्या आत आलीस तर ह्या घरात भेटशील. न्हाईतर मग पुण्याला ये.”

पुण्याला मी जाणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. विलास वरच्या मजल्यावर राहतो आणि माझे गुडघे जिना चढत नाहीत. लिफ्ट आहे म्हणतात, पण त्या पेटीत मी बसणार नाही. म्हणजे भेट व्हायची तर गुरुवारीच, नाहीतर झाली तेवढी झाली.

शोभा माझी थोरली मुलगी, इथल्याच शाळेत शिक्षिका आहे. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली आणि जुनी एक पांढरी छोटी गाडी घेतली. तिनं गुरुवारची रजा टाकली.

आमच्याकडे चांगली वस्तू घरात आली की आधी ती झाकायची. फ्रिजवर कापड, टीव्हीवर कापड, मिक्सरला झबलं. शोभाच्या गाडीच्या सीटवर अजून आधीच्या मालकाचं प्लास्टिक आहे. खाली रबराचं अंथरूण होतं, पण आमची काळी माती रबराला ऐकत नाही. म्हणून मी जायच्या आधी आठवडाभर बसून एक पायपुसणं शिवलं. ट्रंकेच्या तळाला आमच्या आईचं हिरवं लुगडं पडलं होतं. नेसण्यासारखं राहिलं नव्हतं आणि टाकवत नव्हतं. त्याच्या घड्या घातल्या, आत जुना कापूस भरला, आडवे-उभे टाके घातले. चांगलं हाताच्या बोटाएवढं जाड झालं. गुरुवारी सकाळी शोभा भाकऱ्या बांधत होती तेव्हा मीच ते तिच्या सीटसमोर अंथरलं.

गाडी अंगणातून मागं घ्यायला तिनं गिअर टाकला तर असा करकर आवाज झाला की शेजारीण बाहेर आली.

“आई, काल असं नव्हतं.”

“थंडीनं झालं आसंल. चाल.”

तिनं जोर लावून गिअर टाकला आणि आम्ही निघालो.

तेलगाव

सरळ रस्त्याला गाडी बरी चालली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि बायका सकाळच्या उन्हात वेचायला बसल्या होत्या. खरा तमाशा तेलगावच्या चौकात झाला. समोर बस आडवी आली म्हणून शोभानं क्लच दाबून धरला, ब्रेकवर पाय ठेवला, तरी गाडी पुढं ओढ घ्यायला लागली. ब्रेक जरा हलका केला की मुंगीसारखी सरकायची.

“क्लच दाबलाय गं मी,” शोभा म्हणाली. “पूर्ण दाबलाय. तरी चाललीय.”

“नीट दाब.”

“अजून किती दाबू? पायाखाली मऊ मऊ लागतंय.”

“मऊच लागनार. कापसाचं हाय ते.”

बस गेली आणि आम्हीही निघालो. पुढं ते बोलणं आठवायची पाळी आली.

चौकाच्या पुढं एक गॅरेज दिसलं. तिशीतला मिस्त्री होता, बोलायला नरम. त्यानं बॉनेट उघडलं आणि शोभाला आत बसायला सांगितलं. आधी गाडी बंद करून गिअर टाकायला लावला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. मग गाडी चालू करून टाकायला लावला. पुन्हा तीच करकर.

“मावशी, बंद गाडीत गिअर पडतोय, चालू गाडीत पडत न्हाई,” तो मला म्हणाला. “म्हंजी क्लच पुरता सुटत न्हाई. इंजिनाची ओढ चालूच ऱ्हाती.”

“कावून सुटत न्हाई?”

“एक तर केबल ढिली झाली आसंल, न्हाईतर प्लेट गेली आसंल. केबल आसली तर आत्ता होतं. प्लेट आसली तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागंल. उद्या सांजच्याला गाडी भेटंल.”

“उद्या सकाळी माजी बहीन चालली.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. “मग केबलच धरून चालू,” म्हणाला.

त्यानं पान्यानं नट पिळून केबल ताणली. बॉनेटपाशी उभा राहून लांबूनच शोभाला सांगत होता, “म्याडम, दाबा. म्याडम, सोडा. आता दाबा.” दोन-चारदा झालं. गिअर पहिल्यापेक्षा बरा पडला. तो म्हणाला की पोचाल, पण घाटात जपून, आणि धारूरला गर्दीत गाडी घालू नका. चहा पाजला. आम्ही कुठल्या, कुणाकडं चाललो, सगळं विचारून घेतलं. विलास कुठल्या कंपनीत आहे हेही विचारलं. आमच्या भागात ओळख निघाल्याशिवाय माणूस माणसाला सोडत नाही. त्याच्या मावशीचं सासर वडवणीलाच निघालं.

धारूरचा घाट

हा घाट मला पाठ आहे. शोभाचा बाप ह्याच घाटातून जीप चालवायचा, वडवणी ते धारूर. आत माणसं, मागं लटकलेली माणसं, टपावर बोचकी आणि बकरं. तो ड्रायव्हर आणि मी निम्मी क्लीनर. गयाकडं जायचं असलं की मी पुढं बसायची, पण फुकट नाही. चढाला जीप तापली की थांबायची आणि मी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायची. इंजिन निवेपर्यंत सगळे खाली उतरून सीताफळं खायचे. कुणी गाणं म्हणायचं, कुणी भांडायचं. निघताना तो ओरडायचा, “दगड कडंला टाक. मागच्या माणसाच्या चाकात आला तर?” लोक दगड तसाच रस्त्यात टाकून जायचे. तो जाऊ द्यायचा नाही.

आता जीपगाड्या गेल्या आणि तोही गेला. घाट तेवढाच अरुंद आहे. गवत पिवळं पडलं होतं आणि वळणावर बायका सीताफळाच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. तेव्हा लोक झाडावरूनच तोडून खायचे, आता पाट्या मांडून विकायला बसतात. चव मात्र तीच आहे.

अर्ध्या चढाला गाड्या तुंबल्या. पुढं ऊसतोडीच्या टोळ्या चालल्या होत्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, चुली, पांघरुणं, पोरं, कोंबड्या. वरच्या वळणावर एक ट्रॉली अडकली होती म्हणून सगळे जागच्या जागी उभे. शोभानं क्लच दाबला. गाडी पुन्हा ओढायला लागली, पुढच्या ट्रॉलीकडं. तिनं जोरात ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

मग चालूच होईना असं नाही, चालू होत होती. पहिला गिअर पडेना. शोभा दांडा ओढून दमली. मागं मालट्रकवाला हॉर्न वाजवत होता. ब्रेकवरचा पाय तिला उचलता येईना, गाडी मागं जायला बघत होती.

मी उतरले. कडेचा एक दगड दोन्ही हातांनी उचलला, मागच्या चाकाला लावला. गुडघे दुखले, पण दगड कसा लावायचा हे गुडघ्यांना विसरता येत नाही.

पुढच्या ट्रॉलीत एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. ती सगळं बघत होती.

“मावशी, गाडी रुसली का?”

“न्हाई. माज्यासारखी झाली.”

“मग लई चालंल अजून,” ती म्हणाली. ट्रॉलीतल्या बायका हसल्या.

त्यांचा ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला. उंच, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यानं वास घेतला, शोभाला विचारलं, मान हलवली.

“प्लेट गेली हिची. कडंला लावू आन् सोडा हितंच. तुमी ट्रॉलीत बसा, धारूरला सोडतो. तितून यष्टी हाय केजची.”

ट्रॉलीत बसायची मला लाज नव्हती. तरणी होते तेव्हा मीही अशा ट्रॉल्यांतून गेलेली आहे. शोभा म्हणाली, “आई, तू जा. मी गाडीपाशी थांबते. मावशी उद्या चालली.”

“तुला हितं घाटात एकटी टाकून जाऊ?”

“मी काय लहान आहे का?”

“मोटी हायस म्हनूनच.”

“मग काय करायचं सांग. तेवढ्यासाठीच आलोय ना आपण?”

तिचा आवाज फाटला. शाळेत शंभर पोरांना गप्प करते ती, पण त्या वळणावर स्टेअरिंग धरून रडायला आली होती. ट्रॅक्टरवाला दुसरीकडं बघायला लागला.

मला उभं राहवेना. तिचं दार उघडं होतं. दाराला धरून मी तिथंच रस्त्यावर बसले. बसले तेव्हा तिचे पाय माझ्या डोळ्यांसमोर आले.

“दाब गं एकदा,” मी म्हटलं.

तिनं क्लच दाबला. पेडल खाली गेलं आणि मधेच बसलं. त्याच्या मागं माझं पायपुसणं सरकून, दुमडून, भाकरीच्या चवडीसारखं झालं होतं. पेडल त्या चवडीवर बसत होतं. पुढं जायला त्याला जागाच नव्हती.

मला शोभाच्या बापाचं आठवलं. तो अनवाणी जीप चालवायचा. स्वतःच्या चपलासुद्धा मागच्या बाकाखाली टाकायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी भाकरीचं गाठोडं त्याच्या पायाशी ठेवलं होतं. त्यानं सगळ्या माणसांसमोर जीप थांबवली, गाठोडं उचललं आणि मागं फेकलं. “पायाखाली लोखंडाबिगर काय नको,” म्हणाला. भाकरी कुणाच्या तरी धोतरावर सांडली. मी धारूरपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. माझ्यापेक्षा ह्याला जीप प्यारी असं मी पुढं कैक वर्षं गयाला सांगत आले.

मी पायपुसण्याचं टोक धरलं आणि ओढून काढलं.

“आता दाब.”

पेडल पार आत गेलं. गिअर पडला. आवाज नाही, काही नाही.

शोभा माझ्याकडं बघत राहिली. “तेलगावला काय म्हणाले होते मी?”

“म्हनली आसशील कायतरी.”

“मऊ लागतंय म्हणाले होते.”

“मऊच हाय ते,” मी म्हटलं आणि पायपुसणं मागच्या सीटवर टाकलं.

त्या मिस्त्रीची काही चूक नाही. गडीमाणूस गाडीत बसला असता तर त्यानं दार उघडून पायाशी डोकं घालून बघितलंच असतं. आत साडी नेसलेली शाळेची बाई बसलेली. तिच्या पायाशी वाकायचं त्याला बरं वाटलं नाही. म्हणून लांबूनच दाबा-सोडा करत राहिला. आमच्याकडची रीत तशी आहे. रीत चांगली आहे, पण क्लचला ती ठाऊक नाही.

एवढ्यानं मिटलं असतं तर बरं. वरची ट्रॉली निघाली, शोभानं गाडी सोडायला बघितली, तर इंजिन नुसतं गुरगुरलं आणि गाडी पुढं घेईना. जळका वास आला. तो वास मी ओळखते. जीपला यायचा तेव्हा शोभाचा बाप तोंड वाकडं करून खाली उतरायचा.

ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केला. “थांबा, थांबा. तेलगावला केबल ताणली का कुनी?”

“ताणली,” शोभा म्हणाली.

“मग बराबर हाय. मदी कापड व्हतं म्हनून त्यानं ताणली. आता कापड न्हाई, तर ती लई ताणली गेली. आदी सुटत नव्हता, आता धरंना.”

त्यानं ट्रॅक्टरमधला पाना आणला आणि बॉनेटमध्ये वाकून नट परत ढिला केला. पेडल हातानं दाबून बघितलं. त्याला शोभाच्या पायाशी वाकायला लागू नये म्हणून ती आधीच खाली उतरून उभी राहिली होती. शिकलेली माणसं शिकतात लवकर.

“बघा आता.”

गाडीनं धरलं. कडेला उभ्या केलेल्या त्याच्या ट्रॉल्यांच्या बाजूनं हळू, पण सरळ वर. ट्रॅक्टरवाला बाजूला होऊन हात हलवत होता, ट्रॉलीतली बाई कोंबडीचा पंख धरून हलवत होती. शोभानं थोडं पुढं जाऊन सपाटीला गाडी उभी केली आणि मागं वळून बघितलं.

“आई, चल ना. बस.”

मी अजून रस्त्यावरच होते. “थांब,” म्हटलं. “दगड कडंला टाकते.”

युसूफ वडगाव

धारूर सोडलं की रान मोकळं होतं. केजला आम्ही गाडीत बसूनच भाकरी खाल्ली. शोभा आता हौसेनं थांबत होती आणि हौसेनं निघत होती. गिअर पडला की माझ्याकडं बघायची. मी बाहेर बघायची.

गया दारातच उभी होती. आमच्या वडवणीला पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं करतात. तिच्याकडं आधी जाब विचारतात.

“कावून इतका उशीर? म्या दोनदा धपाटे गरम केले.”

“गाडी बिघडली.”

“तूच काहीतरी केलं आसशील.”

शोभा मोठ्यानं हसली. मी आत गेले.

घर रिकामं झालं होतं. भांडी पोत्यात, पांघरुणं दोरीनं बांधलेली. शेळी विकली होती, खुंटा तेवढा होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर अजून लावलेली होती. ती सगळ्यांत शेवटी काढायची असं गयानं ठरवलं होतं. त्या घरात तिची दोन बाळंतपणं झाली, तिचा नवरा तिथंच गेला, आम्ही दोघींनी आईचे शेवटचे दोन महिने तिथंच काढले. मी सगळीकडं बघून घेतलं. चुलीमागची काळी भिंत, आई टेकून बसायची तो खांब. हात लावून बघितला. खांब खांबच होता.

धपाटे तिसऱ्यांदा गरम झाले. वरून दही. केजकडची माणसं धपाट्यात तीळ जास्त घालतात, मला ते दातात अडकतात. मी तसं सांगितलं. गया म्हणाली, “पन्नास वर्सं खातीयास आन् पन्नास वर्सं हेच म्हनतीयास.”

गाडीतली पिशवी आणायला ती बाहेर गेली ती पायपुसणंच घेऊन आली. दारात उभं राहून उलटंपालटं केलं. एका कोपऱ्याला लुगड्याचा काठ दिसत होता, पिवळा, बारीक चौकटीचा.

“हे आईचं लुगडं हाय.”

“हो.”

“आन् तू पायाखाली घातलंस?”

“ती बी सगळ्यांच्या पायाखालीच व्हती की जिती आसताना. कुनी इचारलं तवा?”

गयानं ते पायपुसणं झटकलं, त्याची माती गेली. मग खांबापाशी ते खाली टाकलं आणि त्यावर बसली. थोडं सरकून मलाही जागा केली. दोघी मावत नव्हतो, तरी बसलो. शोभानं घाटातली सगळी गोष्ट सांगितली, माझी एकही चूक न वगळता. गया हसून हसून डोळे पुसत होती. विलास आला, त्यालाही पुन्हा सांगितली. त्या घरात तेवढं हसू किती दिवसांत झालं नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडं बघून कळत होतं.

सकाळी गाडी आली. तसबीर काढली, कापडात गुंडाळली. गयानं कुलूप लावलं आणि किल्ली नव्या माणसाच्या हातात दिली. आम्ही रडलो नाही. तिनं माझ्या पायाला हात लावला, मी तिच्या पाठीत एक धपका घातला. गाडीत बसताना तिच्या काखेत पायपुसणं होतं.

“ते माजं हाय,” मी म्हटलं.

“तुज्या गाडीला चालत न्हाई ते. म्या नेते.”

गाडी वळणावर गेली तेव्हा मी शोभाला म्हटलं, चल, ऊन व्हायच्या आत घाट उतरू.

घाटात तो दगड कडेला होता. मी ठेवला होता तिथंच.

परत आल्यावर

आता गयाचा फोन येतो. पुण्याची फरशी गार असते म्हणते, उभ्यानं स्वयंपाक करायचा असतो, पाय धरतात. म्हणून तिनं पायपुसणं ओट्यापाशी टाकलं आहे.

“भाकरी करताना आईवर उभी ऱ्हाते म्या,” परवा म्हणाली. “काय म्हनत न्हाई बिचारी.”

“तवा बी म्हनत नव्हती,” मी म्हटलं.

मग तिनं धपाट्याचं काढलं. तिकडचे तीळ चांगले नाहीत म्हणाली. मी वडवणीच्या बाजारातून घेऊन ठेवले आहेत, विलास आला की देईन.

शोभाच्या गाडीत आता नुसतं रबर आहे. काळी माती भरते. रविवारी ती झाडते, आणि मी दारात बसून बघते की पायाखाली काही राहिलं तर नाही.